विंडी ॲप आणि पावसातली उघडीप: एका बाईकवाल्याचा रिव्ह्यू

विंडी मी डाउनलोड केलं ते एका सूर्याच्या चित्रामुळे. फोनमधे आधीपासूनच एक हवामानाचं ॲप होतं, नाव घेत नाही कारण सगळी साधारण तशीच असतात, आणि त्या रविवारी त्यात पिवळाधम्मक सूर्य, मागे ढगाचं इवलंसं शेपूट आणि बाजूला २०% असं दिसत होतं. वीस टक्के म्हणजे काय, काहीच नाही, असं म्हणून मी रेनसूट घरी ठेवला, तसाही तो बॅगेत अर्धी जागा खातो. दुपारी साडेतीनला मी असा भिजलो की ग्लोव्ह्ज काढून पिळल्यावर पाण्याची धार लागली, बुटात प्रत्येक पावलाला पचक पचक आवाज आणि जॅकेटच्या कॉलरमधून एक थंडगार ओघळ बरोबर पाठीच्या मधोमध खाली. मजा म्हणजे तेवढ्यात एका आडोशाला थांबून ॲप उघडलं तर सूर्य अजून तिथेच! हसत होता माझ्याकडे बघून.

चूक पूर्ण ॲपची नव्हती हे नंतर कळलं. ते दिवसाचं चित्र म्हणजे अख्ख्या २४ तासांचं सार असतं, दिवसातले बरेच तास ऊन असेल तर सूर्यच दिसणार, आणि बाईकवाल्याला अख्ख्या दिवसाशी काय देणंघेणं, त्याला साडेतीन ते साडेचार एवढ्याशीच मतलब. आणि ते २०% म्हणजे पाऊस २०% जोराचा किंवा दिवसाचा २०% वेळ असंही नाही. साधारण अर्थ असा की अशी परिस्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी दोन दिवस त्या जागी मोजता येईल इतका पाऊस पडतो. मोजता येईल इतका म्हणजे किती, तर अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा ०.०१ इंच धरते, म्हणजे पाव मिलिमीटर. पाव मिमी भुरभुर आणि धो-धो, दोन्ही त्याच एका टक्क्यात बसतात. आता सांगा त्या आकड्यावरून रेनसूट घ्यायचा की नाही ते कसं ठरवणार.

तर विंडी. हे चेक ॲप आहे, इव्हो लुकाचोविच नावाच्या माणसाने २०१४ मधे सुरू केलं, तेव्हा नाव विंडीटी होतं. हा माणूस आधीपासूनच तिकडच्या सेझनाम या मोठ्या वेबसाइटचा संस्थापक, आणि स्वतः विमान उडवणारा, काइटसर्फिंग करणारा, म्हणजे पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळी पळवणारा. ते ॲप वापरताना कळतं, कारण पहिल्या स्क्रीनवर पाऊस नाहीच, वारा आहे. नकाशावर वाऱ्याच्या रेषा सळसळत असतात, दिसायला इतकं भारी की पहिला आठवडा मी नुसताच बघत बसलो, उपयोग शून्य. मग हळूहळू कळलं की बाईकवाल्याच्या कामाच्या यात चारपाच गोष्टी आहेत आणि बाकी सगळं पायलट, बोटवाले आणि पतंगवाले यांच्यासाठी.

सगळ्यात कामाची गोष्ट, आणि जिच्यासाठी मी हे ॲप कधी काढणार नाही, ती म्हणजे तुलना. नकाशावर एखाद्या जागी बोट ठेवलं की खाली अंदाज उघडतो आणि त्यात वेगवेगळी मॉडेल एकाखाली एक बघता येतात. म्हणजे युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मनीचं आयकॉन, आणि काही भागांसाठी अजून बारीक जाळीची स्थानिक मॉडेल. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की हवामानाचा अंदाज हा एक नसतो. प्रत्येक मॉडेल पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतं, आत्ताची परिस्थिती भरतं, आणि पुढचं गणित करत सुटतं, आणि प्रत्येकाची जाळी वेगळी, गणित वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं. बाकीची बरीच ॲप कुठलं तरी एक उत्तर उचलून किंवा सगळ्यांचं काहीतरी मिसळून एक चित्र देतात. विंडी भांडण आहे तसं समोर ठेवतं.

आणि माझ्यासाठी ते भांडणच सगळ्यात महत्त्वाचं. तिन्ही मॉडेल म्हणतायत शनिवारी सकाळी कोरडं आणि दुपारी दोननंतर पाऊस, तर मी डोळे झाकून पहाटे निघतो आणि एकपर्यंत मुक्कामी पोचायचं बघतो. पण एक म्हणतंय सकाळी १२ मिमी, दुसरं म्हणतंय शून्य, तिसरं म्हणतंय पाऊस आहे पण रात्री, तर याचा अर्थ "कदाचित पडेल" असा नाही, याचा अर्थ आहे "आत्ता कोणालाच माहीत नाही, उद्या परत बघ". त्या दिवशी मी ठरवतच नाही काही. पूर्वी काय व्हायचं, मी चार ॲप चाळायचो आणि ज्यात सूर्य दिसेल त्यावर विश्वास ठेवायचो. मनाला पटेल तो अंदाज खरा! माझा नेहमीचा राइड पार्टनर अजून तेच करतो. परवा मला स्क्रीनशॉट पाठवून म्हणतो, "हे बघ, यात ऊन दाखवतंय." मी म्हटलं, अरे तू पाचवं ॲप उघडलंयस ना? तर म्हणे सहावं.

मॉडेलच्या जाळीचा मुद्दा जरा नीट सांगतो कारण घाटात फिरणाऱ्यांचा सगळा घोळ तिथे होतो. ईसीएमडब्ल्यूएफची चौकट साधारण ९ किमीची, जीएफएसची साधारण १३ किमीची. म्हणजे तेवढ्या चौकटीतला सगळा भूगोल एका सरासरीत कोंबलेला. तुमचा अख्खा घाट, त्याचा चढ, माथा, पलीकडचा उतार, सगळं मिळून एकदोन चौकटी. मॉडेलच्या दृष्टीने तिथे डोंगर नसून एक बुटकी टेकडी आहे. खऱ्या आयुष्यात काय होतं, वारा डोंगरावर चढतो, हवा वर जाते, थंड होते, आणि वाऱ्याच्या बाजूला धबाधबा पाऊस कोसळतो, माथा ओलांडला की दहा मिनिटांत रस्ता कोरडा ठणठणीत. हे चौकटीला दिसत नाही किंवा अर्धवट दिसतं. त्यामुळे घाटाच्या नुसत्या अंदाजावर न जाता मी वाऱ्याची दिशा बघतो. वारा ज्या बाजूने डोंगरावर आपटतोय त्या बाजूचा पाऊस मनातल्या मनात वाढवायचा, पलीकडचा कमी करायचा. इथे मात्र त्या सळसळत्या रेषा पहिल्यांदा कामाला आल्या.

दुसरा घोळ दुपारच्या गडगडाटी ढगांचा. असा एक सुटा ढग तयार होऊन, कोसळून, विरून जायला तासभरही लागत नाही आणि त्याची रुंदी काही किलोमीटर, म्हणजे मॉडेलच्या चौकटीपेक्षा लहान. ढग कुठल्या गावावर फुटणार हे आदल्या दिवशी कोणी सांगूच शकत नाही, कुठल्या भागात आणि साधारण कुठल्या वेळात फुटतील एवढंच. विंडीत सीएपीई नावाचा एक लेयर आहे, मराठीत सांगायचं तर हवा वर उसळायला किती टपून बसलीय त्याचं माप. आकडा हजाराच्या वर गेला की मी दुपारचं टाळायला लागतो, अडीच हजाराच्या वर असेल तर दुपारी दोनच्या आत बाईक लावून मोकळा. आकडा मोठा म्हणून पाऊस पडतोच असं नाही, ठिणगी नसेल तर नुसताच उकाडा होतो. पण जमीन तापून दुपारनंतर ढग फुटण्याचा हा प्रकार असेल तर सकाळ बहुतेक वेळा स्वच्छ मिळते. उन्हाळ्यातल्या माझ्या निम्म्या राइड केवळ पहाटे पाचला निघाल्यामुळे कोरड्या झाल्यात, त्यात ॲपचं कौतुक कमी आणि अलार्मचं जास्त.

आकडे वाचण्याबद्दल एक सांगायला हवं, इथे विंडी नव्या माणसाला चकवतं. फुकटच्या व्हर्जनमधे अंदाज दर ३ तासांचा असतो, आणि त्या रकान्यात ६ मिमी लिहिलं असेल तर ते तीन तासांचं मिळून. आता हे ६ मिमी म्हणजे तीन तास संथ रिमझिम, ताशी २ मिमी, रेनसूट घालून गाणी म्हणत जाता येईल असा. किंवा अडीच तास कोरडं आणि मग अर्ध्या तासात सगळं ओतलं, म्हणजे ताशी १२ च्या वेगाने, व्हायझरमधून समोरच्या गाडीचा लाल दिवा सोडून काही दिसणार नाही असा. आकडा तोच! कुठला प्रकार आहे ते ढगाच्या चित्रातली वीज आणि तो सीएपीई बघून आपणच ताडायचं. मिमी हा शब्द कोणाला हवेतला वाटत असेल तर सोपं आहे, १ मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. ६ मिमी म्हणजे तेवढ्याशा जागेत सहा बाटल्या. बाईकवर बसलेला माणूस काही अख्खा चौरस मीटर होत नाही पण तो पुढे पळत असतो त्यामुळे समोरून येणारं पाणी वेगळं, ते मिमीत मोजत नाहीत, ते मांडीवर मोजतात.

पैसे भरले की अंदाज दर तासाचा होतो. मी एक वर्ष भरले. त्याबद्दल पुढे.

आता रडार, कारण निघाल्यानंतर मॉडेल वगैरे सगळं विसरायचं आणि रडार बघायचं. मॉडेल म्हणजे काय होईल, रडार म्हणजे काय होतंय. नकाशावर हिरवे पिवळे लाल ठिपके सरकताना दिसतात, आकडे डीबीझेडमधे, म्हणजे पावसावर आपटून परत आलेल्या रडारच्या लहरींचा जोर, साधारण २० म्हणजे हलका, ४० म्हणजे जोरदार, ५० च्या वर गेलं की गाराही असू शकतात, आपण तिकडे जायचंच नाही. मला वर्षभर रडार नुसतं बघता येत होतं, वापरता येत नव्हतं. ठिपका जवळ दिसला की थांबायचो, लांब दिसला की जायचो. ते चुकीचं आहे. बघायचं काय तर मागच्या अर्ध्या तासात ठिपका किती सरकला. १५ किमी सरकला तर ताशी ३० ने चाललाय, आणि तो माझ्यापासून ३० किमी लांब असून माझ्याकडेच येत असेल तर मला एक तास आहे. एवढंच गणित, पण हेल्मेट काढून रस्त्याच्या कडेला करायला शिकलं पाहिजे.

याच्याही पुढची गोष्ट मला एका फजितीतून कळली. एका संध्याकाळी परतताना मागून पाऊस गाठणार असं दिसत होतं, साधारण वीसेक किलोमीटर रुंद पट्टा, आणि माझ्याच दिशेने चाललेला. मी म्हटलं पळू, पुढे निघून जाऊ. पण मधे पेट्रोल भरलं, सिग्नल लागले, आणि पट्ट्याने गाठलंच, पुढे गेला, मी त्याच्या शेपटीत, आणि मग मी चिडून अजून जोरात. दोन तास भिजलो. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा स्वतःचीच कीव आली. पट्टा ताशी ४० ने चाललेला. मी एका जागी थांबलो असतो तर २० किमीचा पट्टा अर्ध्या तासात माझ्यावरून निघून गेला असता. पण मी त्याच दिशेने ताशी ५० ने चाललो होतो, म्हणजे पट्ट्याच्या तुलनेत माझा वेग फक्त १०, म्हणजे तो पार करायला दोन तास! मी पावसाला सोबत करत होतो, अक्षरशः छत्री धरल्यासारखा ढग डोक्यावर घेऊन. आणि हाच पट्टा समोरून येत असता तर दोघांचा वेग मिळून ९०, तेरा-चौदा मिनिटांत आरपार. तेव्हापासून नियम सोपा आहे, ढग समोरून येत असेल तर रेनसूट घाल आणि घुस, ढग त्याच दिशेने चालला असेल तर थांब, एखाद्या पंपाच्या छपराखाली निवांत बस, त्याला जाऊ दे. हे कुठल्याही ॲपने मला सांगितलं नाही आणि सांगायला हवं असं फार वाटतं, वेग त्यांना माहीत, दिशा माहीत, माझा रस्ता टाकला तर तोही माहीत, मग एक ओळ लिहायला काय हरकत आहे की बाबा वीस मिनिटं थांब.

रडारवर आंधळा विश्वासही नको. एक तर चित्र आत्ताचं नसतं, पाच-दहा मिनिटं, कधी त्याहून जुनं, कोपऱ्यातली वेळ बघायची सवय लावा. दुसरं, रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. अर्धा अंश वर करून सोडलेला किरण १०० किमीवर जाईपर्यंत जमिनीपासून साधारण दीड किमी वर असतो, २०० किमीवर चारेक किमी वर. म्हणजे रडारपासून लांब असाल तर ते तुमच्या डोक्यावरच्या ढगाच्या वरच्या मजल्याबद्दल बोलतंय, तळमजल्यावर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. वर हिरवं दिसतंय आणि खाली थेंब नाही कारण पाऊस वाटेतच वाळला, किंवा वर काही नाही आणि खाली चांगली रिमझिम, दोन्ही अनुभवलंय. डोंगर आड आला तर पलीकडे किरण पोचतच नाही, नकाशावर तो भाग छान स्वच्छ दिसतो आणि आपण खुश. आणि जिथे रडारच नाही तिथे काही ॲप उपग्रहाच्या ढगांवरून पाऊस ताडून रडारसारखेच रंग भरतात, त्यामुळे आपल्या भागात खरं रडार आहे का ते एकदा शोधून ठेवलेलं बरं.

रूटचं प्लॅनिंग हे मात्र विंडीचं लंगडं अंग. डिस्टन्स अँड प्लॅनिंग म्हणून एक टूल आहे, त्यात नकाशावर एकेक बिंदू टाकत जायचं आणि त्या रेषेवरचं हवामान बघायचं. पण रेष सरळ जाते. विमानाला आणि बोटीला ठीक आहे, आपला रस्ता तळ्याला वळसा घालून, डोंगराला तीन गिरक्या मारून जातो, तर बिंदूंचा पाऊस पाडावा लागतो तेव्हा कुठे रेष रस्त्यासारखी दिसते. मी ते सोडून दिलं. आदल्या रात्री वहीत दोन रकाने करतो, एकात साधारण दर ५० किमीवरचं ठिकाण, दुसऱ्यात मी तिथे किती वाजता असेन, आणि प्रत्येक ठिकाणी विंडीत बोट ठेवून त्या वेळचा आकडा लिहितो. सहासात ठिकाणं, दहा मिनिटांचं काम. मग बघायचं की निघायची वेळ दोन तास अलीकडे घेतली तर काय होतं, दोन तास पलीकडे नेली तर काय. इतक्या वेळा बघितलंय की रस्ता बदलून फार फरक पडत नाही, वेळ बदलून पडतो. लोक पाऊस चुकवायला ऐंशी किलोमीटरचा वळसा घेतात आणि तिकडे दुसराच पाऊस भेटतो. पाऊस शोधत बसण्यापेक्षा उघडीप शोधावी. चारपाच तासांची उघडीप सापडली की आपली राइड त्यात बसवायची, आपण लवचिक, पाऊस नाही.

किती दिवस आधी बघायचं यावर आमच्यात कायम वाद. दहा दिवस पुढचा अंदाज विंडीत दिसतो म्हणून लोक दहा दिवस आधीपासून रोज बघतात आणि रोज मूड बदलतात. ईसीएमडब्ल्यूएफवाले स्वतःच एक अंदाज न करता, सुरुवातीची परिस्थिती किंचित किंचित बदलून ५१ अंदाज चालवतात, कारण आत्ताची मोजमापंच शंभर टक्के अचूक नसतात आणि तो छोटा फरक पुढे फुगत जातो. दोन दिवसांवर ते ५१ बहुतेक एका रांगेत असतात, आठ दिवसांवर जत्रेतून सुटलेल्या पोरांसारखे चहूकडे. म्हणून आठ दिवस आधी मी एवढंच बघतो की आठवडा एकंदर ओला की कोरडा. तीन दिवस आधी सकाळ की दुपार. आदल्या रात्री तास. निघताना रडार. याच्या मधे मधे बघून काही मिळत नाही, नुसती धाकधूक. तक्रार करताना हेही लक्षात ठेवतो की लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या माणसाने पहिल्या महायुद्धात ॲम्ब्युलन्स चालवता चालवता हातानं सहा तासांचा अंदाज करून बघितला होता, १९२२ मधे छापला, आणि त्यात हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने बदलणार असं उत्तर आलं होतं, जे निव्वळ अशक्य. तरी माणसाने ते छापलं. ६४,००० माणसं एका मोठ्या गोल दालनात बसून गणित करतायत अशी कल्पनाही त्याचीच. ते दालन आता खिशात आहे, आणि आम्ही त्यावर चिडतो कारण पाऊस पंधरा मिनिटं आधी आला.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. विंडीत वारा नॉट्समधे दिसत असेल तर त्या एककावर टॅप केलं की बदलतो, पहिलं काम ते करा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी, तर ३० नॉट्सचे झोत म्हणजे ताशी ५५ किमी, आणि ३० हा आकडा वाचून काही वाटत नाही पण उघड्या पुलावर आडवा झोत बसला की बाईक अर्धी लेन सरकते. सरासरी वारा नाही, झोतांची वेगळी ओळ असते ती बघायची. मला तर पावसापेक्षा याची जास्त भीती वाटते, पावसात हळू चालवता येतं, झोताचं काय करणार.

आणि वीज. टायर रबराचे म्हणून बाईकवर वीज लागत नाही हे साफ खोटं, कारमधे वाचवतो तो पत्रा, टायर नाही, आणि आपल्याभोवती पत्राच नाही. चमकल्यापासून गडगडाट ऐकू यायला ३ सेकंद म्हणजे १ किमी. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. झाडाखाली नाही, आणि पुलाखाली रस्त्याच्या कडेला गर्दी करून पण नाही, तिथे मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतच नाही.

अजून एक गोष्ट जी ॲपच्या बाहेरची आहे पण अंदाज वाचताना लागते. बरेच दिवस कोरडे गेल्यावरचा पहिला पाऊस, त्याची पहिली दहापंधरा मिनिटं. रस्त्यावरचं तेल, धूळ, रबराचा चुरा सगळं वर तरंगतं आणि रस्ता साबणासारखा होतो, नंतर जोराच्या पावसाने धुतला की पकड बरीचशी परत येते. म्हणजे अंदाजात ०.५ मिमी दिसतंय, हलकाच तर आहे, असं म्हणून बेफिकीर राहायचं नाही, कधीकधी ते ०.५ च जास्त वाईट, भिजवत नाही पण पाडतं. पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, पुलाचे लोखंडी सांधे, यावर बाईक सरळ ठेवूनच जायचं.

तक्रारी. ॲप जड आहे, नेटवर्क कमी असलं की नकाशा अर्धाच उघडतो, आणि पाऊस नेमका तिथेच गाठतो जिथे नेटवर्क नाही. म्हणून मी निघण्याआधी वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवतो. दुसरी तक्रार खरं तर सगळ्याच फोनची. ओल्या स्क्रीनवर थेंब पडले की फोनला वाटतं बोटं लागली, नकाशा आपोआप झूम होतो, भलत्याच समुद्रावर जाऊन बसतो, आणि आपण ओल्या ग्लोव्ह्जने त्याला परत आणतोय. एकदा मी वैतागून फोन हेल्मेटच्या आत धरून रडार बघितलंय, लोक बघत होते. तिसरी तक्रार, इतके लेयर आहेत की नवीन माणूस गांगरतो, लाटांची उंची मला कशाला हवीय, मेनूत जाऊन नको ते काढून टाका, पाऊस, झोत, रडार, सीएपीई एवढं ठेवा.

पैसे भरावेत का? तासाचा अंदाज मिळतो, मॉडेल जास्त वेळा अपडेट होऊन मिळतं, रडारचा मागचा इतिहास जास्त मिळतो. मी वर्षभर भरले आणि खरं सांगायचं तर फरक पडला तो लांबच्या, मुक्कामाच्या राइडमधे, जिथे दिवसात सातआठ तास रस्त्यावर असतो आणि तीन तासांचा रकाना फार ढोबळ पडतो. रविवारच्या शंभर-दीडशे किलोमीटरला फुकटचं पुरे, कारण शेवटच्या तासात निर्णय रडारवरच होतो. पुढच्या वर्षी मी नाही भरले, लांबची राइड असेल त्या महिन्याचं बघू. पाचपैकी चार देईन, एक स्टार त्या सरळ रेषेने घालवला.

रेनसूटबद्दल विचारणारे असतात म्हणून तेही लिहून टाकतो. बसल्यावर कापडावर दाब येतो आणि मांड्यांमधे पाण्याचं तळं साचतं, पाणी तिथूनच आत शिरतं, त्यामुळे पँट घेताना बुडाखालची शिवण आतून टेपने बंद केलीय का ते उलटी करून बघा. बाही ग्लोव्हच्या वरून घ्या, आत खोचली तर ओघळ थेट बोटांत. आणि सूट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आमचा तो सहा ॲपवाला मित्र त्याचा सूट टूलकिट आणि स्लीपिंग बॅगच्या खाली, अगदी तळाशी ठेवतो, आणि पाऊस आला की रस्त्याच्या कडेला आख्खी बॅग उपसून, सगळे कपडे भिजवून, मग तो सूट घालतो.